कोकणची मासळी युरोपच्या बाजारात पाठवताना: नव्या निर्यातदारासाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

मिरकरवाडा, हर्णै किंवा सासून डॉकवर उतरलेली म्हाकूल स्पेन-इटलीच्या बाजारात जाते, एवढे आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असते. ती तिथवर पोहोचण्यासाठी कोणकोणत्या नियमांतून पार पडते, हे मात्र माल अडकल्याशिवाय फारसे कोणी समजून घेत नाही. माझेही तसेच झाले. आमचा पहिला कंटेनर युरोपातील एका बंदरात थांबवला गेला, तेव्हा मालात काहीही दोष नव्हता. कंटेनर भरून झाल्यावर यार्डात सील बदलले गेले होते आणि आरोग्य प्रमाणपत्रावर जुन्याच सीलचा क्रमांक राहिला होता. नवे प्रमाणपत्र मागवून काम भागेल असे आम्हाला वाटले. परंतु मालाची ओळख पटवणारी माहिती बदलून दुसरे प्रमाणपत्र देता येत नाही, असा तेथील कायदाच आहे. तीन आठवड्यांचे जागाभाडे भरून तो माल परत आणावा लागला.

त्या अनुभवातून जे शिकलो ते येथे क्रमाने मांडत आहे. युरोपीय संघ प्राणिजन्य खाद्यपदार्थाकडे पाहताना केवळ पेटीतील माल तपासत नाही. होडी किंवा तलाव, बर्फ, सोलण्याचे टेबल, कारखाना, प्रयोगशाळा आणि या सर्वांवर देखरेख करणारी भारतातील सरकारी यंत्रणा ही सगळी साखळी तो तपासतो. म्हणून तयारीची सुरुवात बंदरापासून न करता होडीपासून करावी.

१. आपला माल कोणत्या वर्गात बसतो ते आधी ठरवा

युरोपचे अन्नकायदे एकमेकांवर रचलेले आहेत. पायाशी २००२ चा १७८ क्रमांकाचा सर्वसाधारण अन्न कायदा आहे. माल कोणाकडून घेतला आणि कोणाला दिला याचा माग प्रत्येकाला दाखवता आला पाहिजे, ही अट त्यातून येते. त्यावर २००४ चे दोन नियम आहेत. त्यांपैकी ८५२ हा सर्व खाद्यपदार्थांच्या स्वच्छतेसाठी आणि ८५३ हा खास प्राणिजन्य पदार्थांसाठी आहे. सरकारी तपासणी कशी व्हावी हे २०१७ च्या ६२५ क्रमांकाच्या नियमात सांगितले असून तो १४ डिसेंबर २०१९ पासून लागू आहे. हे चार क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत, कारण खरेदीदाराच्या प्रत्येक पत्रात त्यांचा उल्लेख येतो.

वर्ग ठरवताना स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. माल समुद्रातून पकडलेला आहे की तलावात वाढवलेला? कच्चा आहे की शिजवलेला? त्यात वनस्पतिजन्य घटक मिसळलेले आहेत का? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर मासेमारी प्रमाणपत्र लागणार की औषध-अवशेषांच्या चाचण्या लागणार हे ठरते. दुसऱ्यावरून जंतूंचे निकष ठरतात.

तिसऱ्या प्रश्नाबाबत थोडे सविस्तर सांगतो, कारण कोकणातील महिला बचत गटांकडून तो मला वारंवार विचारला जातो. कोळंबीचे लोणचे किंवा सुकटाची चटणी हा तेल-मसाल्याचा पदार्थ असल्यामुळे त्याला मासळीचे नियम लागत नाहीत, असा समज आहे आणि तो चुकीचा आहे. प्रक्रिया केलेला प्राणिजन्य घटक आणि वनस्पतिजन्य घटक एकत्र असलेल्या अशा पदार्थांना युरोपीय कायद्यात संयुक्त पदार्थ म्हणतात. त्यातील कोळंबीदेखील युरोपने मान्य केलेल्या कारखान्यातूनच आलेली असावी लागते. २१ एप्रिल २०२१ पासून या पदार्थांवरील नियम अधिक काटेकोर झाले आहेत. कच्ची कोळंबी घरी आणून, घरीच शिजवून तिचे लोणचे घालणे आणि ते व्यापारी मालाच्या रूपाने जर्मनीला पाठवणे या मार्गाने शक्य नाही. प्रवाशाने स्वतःच्या खाण्यासाठी नेलेल्या मासळीला वीस किलोपर्यंत वेगळी सवलत आहे. जर्मनीतला भाचा दरवर्षी सुके बोंबील घेऊन जातो आणि त्याला कोणी अडवत नाही, हे खरे असले तरी त्यावरून व्यापाराचा अंदाज बांधू नये.

२. तीन याद्या तपासा

युरोपात प्राणिजन्य माल जाण्यासाठी तीन उंबरठे ओलांडावे लागतात. त्या पदार्थासाठी आपला देश यादीत असावा लागतो. तलावातील मालासाठी देशाचा औषध-अवशेष नियंत्रण आराखडा युरोपने मंजूर केलेला असावा लागतो. आणि माल जेथे प्रक्रिया होऊन बाहेर पडतो तो कारखाना युरोपीय आयोगाच्या यादीत, त्याच्या मान्यता क्रमांकासह, असावा लागतो. मासळीसाठी भारत यादीत आहे. म्हणून नव्या माणसाचा खरा प्रश्न तिसऱ्या यादीचा असतो.

या याद्यांमागे इतिहास आहे. ऑगस्ट १९९७ मध्ये युरोपीय संघाने भारतीय मासळीवर बंदी घातली होती. कारखान्यांतील स्वच्छतेच्या त्रुटी आणि मालात सापडलेले रोगजंतू ही तिची कारणे होती. सोलण्याचे काम घरोघरी, उघड्या शेडमध्ये करण्याची जुनी पद्धत निर्यातीच्या मालासाठी त्यानंतरच बंद होत गेली. पुढे तलावातील कोळंबीत प्रतिजैविकांचे अवशेष सापडत राहिल्यामुळे २०१६ मध्ये युरोपने भारतातून येणाऱ्या संवर्धित मालाच्या निम्म्या खेपांची सीमेवर चाचणी करण्याचा नियम केला. त्याआधी हे प्रमाण १० टक्के होते. एका तलावातील चुकीची किंमत संपूर्ण देशातील निर्यातदार मोजतात, हे नव्याने येणाऱ्याने गांभीर्याने लक्षात घ्यावे.

३. भारतातील नोंदण्या पूर्ण करा

येथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी विदेश व्यापार महासंचालनालयाकडून आयात-निर्यात संकेतांक घ्यावा. त्यानंतर एफएसएसएआयचा, म्हणजे भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, परवाना आणि सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरणाची, म्हणजे एम्पेडाची, निर्यातदार म्हणून नोंदणी करावी. १९७२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या या प्राधिकरणाचे मुख्यालय कोची येथे आहे. स्वतःचा कारखाना असेल तर उत्पादक निर्यातदार आणि दुसऱ्याच्या मान्यताप्राप्त कारखान्यातून माल तयार करून घेणार असाल तर व्यापारी निर्यातदार, अशा वेगवेगळ्या वर्गांत नोंदणी होते.

कारखान्याला मान्यता देणे आणि प्रत्येक खेपेला आरोग्य प्रमाणपत्र देणे हे काम निर्यात निरीक्षण परिषद आणि तिच्या एजन्सींचे आहे. व्यवहारात त्यांना ईआयसी आणि ईआयए असेच म्हणतात. १९६३ च्या निर्यात गुणवत्ता नियंत्रण व निरीक्षण कायद्याखाली ही यंत्रणा उभी राहिली. मुंबई, कोची, चेन्नई, कोलकाता आणि दिल्ली येथे एजन्सींची मुख्य कार्यालये आहेत. महाराष्ट्रातील कारखान्यांचे काम मुंबई एजन्सीकडे असते. युरोपच्या दृष्टीने भारताची सक्षम यंत्रणा म्हणजे ईआयसी होय. खरेदीदार कितीही ओळखीचा असला, तरी ईआयसीने शिफारस केल्याशिवाय कारखान्याचे नाव युरोपच्या यादीत येत नाही.

माझा सल्ला असा आहे की पहिली दोन-तीन वर्षे व्यापारी निर्यातदार म्हणून काम करावे आणि तळोजा किंवा रत्नागिरी परिसरातील आधीच यादीत असलेल्या कारखान्याशी लेखी करार करावा. मान्यतेच्या प्रक्रियेत भांडवल अडकते आणि कारखाना यादीत येईपर्यंत युरोपचा माल हलत नाही. करार करण्यापूर्वी त्या कारखान्याचा मान्यता क्रमांक युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावरील यादीत स्वतः पाहून घ्यावा. तो आपल्या प्रकारच्या मालासाठी आहे का, हेही तेथेच कळते. भिंतीवर लावलेल्या जुन्या प्रमाणपत्रावर विसंबू नये.

४. कारखान्यात काय पाहावे

कारखाना स्वतःचा असो वा दुसऱ्याचा, त्यात माल एका दिशेने पुढे सरकतो का, हे सर्वप्रथम पाहावे. कच्चा माल येण्याचे दार आणि तयार माल जाण्याचे दार एकच असेल, किंवा सोललेली कोळंबी आणि तिची टरफले एकाच वाटेने फिरत असतील, तर पुढचे काही पाहण्याची गरज नाही.

त्यानंतर पाणी आणि बर्फ पाहावा. युरोपीय नियमांनुसार मासळीला लागणारे पाणी पिण्यायोग्य किंवा स्वच्छ समुद्राचे असावे लागते. बर्फही तशाच पाण्याचा लागतो. जंतू मारण्यासाठी माल जादा क्लोरीनच्या पाण्यात बुडवून काढण्याची सवय काही ठिकाणी अजून आहे. प्राणिजन्य पदार्थाच्या पृष्ठभागावरील दूषण काढण्यासाठी पिण्यायोग्य पाण्याखेरीज दुसरे कोणतेही द्रव्य मंजुरीशिवाय वापरता येत नाही, असे ८५३ क्रमांकाचा नियम स्पष्ट सांगतो. पाणी पिण्यायोग्य करण्यासाठी घातलेले क्लोरीन वेगळे आणि माल धुण्यासाठी घातलेले वेगळे, हा फरक पर्यवेक्षकाला समजावून सांगावा.

हॅसप म्हणजे धोक्यांचे विश्लेषण आणि निर्णायक टप्प्यांवरील नियंत्रण. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या मार्गदर्शनातील त्याची सात तत्त्वे युरोप, अमेरिका आणि भारत तिन्ही ठिकाणी मान्य आहेत. हॅसपची तयार फाइल बाजारात विकत मिळते आणि नवखे लोक ती घेतात. तशी फाइल घेऊ नये. तपासनीस फाइल वाचून थांबत नाही. तो माल स्वीकारणाऱ्या मुलीला विचारतो की बांगड्याचे तापमान किती अंश आले तर ती गाडी परत पाठवेल. तिला उत्तर देता आले नाही तर फाइलचा उपयोग शून्य.

गोठवलेल्या मालाचा गाभा उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली असावा लागतो. वाहतुकीत थोड्या वेळासाठी कमाल तीन अंशांची वाढ चालते. तापमानाच्या नोंदी यंत्राने आपोआप घेतलेल्या असाव्यात, कारण पेनाने लिहिलेला प्रत्येक तासाचा उणे १८ कोणालाही पटत नाही.

५. समुद्रातला माल: होडीवरच सांभाळण्याच्या गोष्टी

हा भाग मी सर्वांत महत्त्वाचा मानतो आणि याच भागात नवे निर्यातदार सर्वांत कमी वेळ घालवतात.

बांगडा, तारली, मांदेली, सुरमई आणि कुप्पा या माशांत हिस्टिडिन नावाचे द्रव्य भरपूर असते. मासा मेल्यानंतर उष्णतेत राहिला, तर जीवाणू त्याचे हिस्टामिन करतात. एकदा तयार झालेले हिस्टामिन गोठवून जात नाही आणि शिजवूनही जात नाही. ते खाणाऱ्याचा चेहरा लाल होतो, डोके दुखते, अंगावर गांधी उठतात. युरोपच्या २००५ च्या २०७३ क्रमांकाच्या नियमानुसार एका लॉटमधून नऊ नमुने घेतात. त्यांची सरासरी किलोला १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावी, फार तर दोन नमुने १०० ते २०० च्या दरम्यान असावेत आणि एकही नमुना २०० च्या वर नसावा. म्हणजेच एका होडीतील न बर्फावलेल्या दोन टोपल्या बाकीच्या चांगल्या मालात मिसळल्या, तर सगळा लॉट जाऊ शकतो. आपल्या हवेत मासळीच्या वजनाइतका बर्फ लागतो. तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, बर्फाचे पैसे आगाऊ देण्याची पद्धत आम्ही सुरू केली, तेव्हापासून आमच्या बांगड्याच्या चाचण्यांत फरक दिसू लागला.

म्हाकूल आणि कटलफिश यांच्या बाबतीत धोका कॅडमियमचा असतो. हा धातू त्यांच्या पोटातील पाचक ग्रंथीत साठतो. मांसातील त्याची युरोपीय मर्यादा किलोला १ मिलिग्रॅम आहे. पोट न काढता माल दोन दिवस पडून राहिला किंवा अख्खा गोठवून पुन्हा वितळवला, तर ग्रंथी फुटून तिच्यातील द्रव मांसात उतरतो आणि निर्दोष माल मर्यादेबाहेर जातो. त्यामुळे म्हाकूल लवकर साफ करणे हा केवळ पांढऱ्या रंगाचा प्रश्न नाही.

समुद्रातील कोळंबीवर काळे डाग पडू नयेत म्हणून होडीवर सोडियम मेटाबायसल्फाइटची पावडर वापरतात. ती वापरण्यास परवानगी आहे, पण प्रमाणात. किलोत ८० नगांपर्यंत बसणाऱ्या मोठ्या कच्च्या कोळंबीच्या खाण्याच्या भागात सल्फाइटची मर्यादा किलोला १५० मिलिग्रॅम आहे, ८० ते १२० नगांच्या काउंटला २०० आणि त्याहून बारीक मालाला ३००. अवशेष किलोला १० मिलिग्रॅमच्या वर असेल, तर लेबलवर सल्फाइटचा उल्लेख ॲलर्जीकारक घटक म्हणून करावाच लागतो. होडीवर मात्र ही पावडर मुठीने टाकली जाते. त्यावर उपाय एकच आहे. मोजून द्रावण करण्याचे भांडे आणि चमचा खलाशांना आपण स्वतः द्यावा आणि पहिल्या दोन फेऱ्यांनंतर उतरलेल्या मालाची चाचणी करून घ्यावी.

समुद्रातील मालासाठी मासेमारी प्रमाणपत्रही लागते. बेकायदा आणि नोंद नसलेली मासेमारी रोखण्यासाठी युरोपने २००८ मध्ये केलेला १००५ क्रमांकाचा नियम १ जानेवारी २०१० पासून लागू झाला. भारतात हे प्रमाणपत्र एम्पेडा प्रमाणित करते. त्यासाठी होडीचा नोंदणी क्रमांक, मासेमारीच्या तारखा, जाती आणि वजन लागते. येथील सापळा असा की लिलावात दहा होड्यांचा माल एकत्र होतो आणि संध्याकाळपर्यंत कोणता माल कोणाचा हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून धक्क्यावरच, माल टबात पडतानाच, होडीचा क्रमांक लिहिलेला टॅग लावावा. युरोपीय बाजूने ही प्रमाणपत्रे १० जानेवारी २०२६ पासून ‘कॅच’ नावाच्या डिजिटल प्रणालीतून हाताळली जातात. त्यामुळे वजनातील विसंगती आता अधिक सहज लक्षात येते.

६. तलावातला माल: औषध-अवशेषांचा प्रश्न

पालघर, रायगड किंवा सिंधुदुर्गातील खाजणात वाढलेली व्हनामी जातीची कोळंबी घेणार असाल, तर मासेमारी प्रमाणपत्राची गरज नाही. ते पिल्लांपासून वाढवलेल्या मालाला लागत नाही. त्याऐवजी तीन गोष्टी पाहाव्या लागतात. तलाव कोस्टल अ‍ॅक्वाकल्चर अथॉरिटीकडे नोंदलेला आहे का, एम्पेडाकडे त्याची नावनोंदणी आहे का, आणि कापणीपूर्व चाचणीचा दाखला आहे का. हा दाखला एम्पेडाच्या प्रयोगशाळेतून मिळतो आणि तो हाती आल्याशिवाय तलाव रिकामा करू देऊ नये. शेतकऱ्याला घाई असते. भाव पडत असतो, पाणी बिघडत असते. त्याची अडचण खरी असली तरी दाखल्याविना उचललेल्या मालाची जबाबदारी शेवटी आपल्यावरच येते.

क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातील औषधे खाद्य प्राण्यांसाठी पूर्णपणे निषिद्ध आहेत. २०१९ च्या १८७१ क्रमांकाच्या नियमानुसार, २८ नोव्हेंबर २०२२ पासून क्लोरॅम्फेनिकॉलसाठी कारवाईची पातळी किलोला ०.१५ मायक्रोग्रॅम आणि नायट्रोफ्युरानच्या अवशेषांसाठी ०.५ मायक्रोग्रॅम आहे. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. इतक्या सूक्ष्म पातळीवर दूषण कोठूनही येऊ शकते. सोलणाऱ्या महिलांची बोटे दिवसभर पाण्यात राहून सोलपटतात आणि त्या मलम लावतात. त्या मलमात प्रतिजैविक असेल, तर ते थेट मालात उतरते. आम्ही कारखान्यातच हातमोजे आणि डॉक्टरांनी तपासून दिलेले साधे मलम ठेवले आहे. त्यांच्या हातांची काळजी आणि मालाची काळजी या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

आणखी एक बारीक पण महागात पडणारी बाब आहे. सेमिकार्बाझाइड हा नायट्रोफ्युराझोनचा अवशेष मानला जातो. परंतु कवचधारी प्राण्यांच्या टरफलात तो नैसर्गिकरीत्याही आढळतो. नमुना टरफलासह वाटला गेला तर औषध न वापरलेल्या तलावाचा मालही दोषी ठरू शकतो. म्हणून प्रयोगशाळेला नमुना देताना तो सोलून, केवळ गाभ्याच्या मांसाची चाचणी व्हावी असे लेखी सांगावे.

टेट्रासायक्लिनसारखी काही औषधे निषिद्ध नसून मर्यादित आहेत. मांसात किलोला १०० मायक्रोग्रॅम ही त्यांची मर्यादा आहे. येथे एक बदल जवळच्या तारखेचा असल्यामुळे विशेष नोंदवतो. ३ सप्टेंबर २०२६ पासून युरोपला जाणाऱ्या प्राणिजन्य मालाबाबत, वाढीसाठी प्रतिजैविके वापरलेली नाहीत आणि मानवी उपचारांसाठी राखून ठेवलेली प्रतिजैविके प्राण्यांना दिलेली नाहीत, अशी हमी आरोग्य प्रमाणपत्रातच द्यावी लागते. ही हमी मालाच्या चाचणीवरून देता येत नाही. त्यासाठी तलावाची औषध-नोंदवही लागते. शेतकऱ्यांना आजपासूनच खाद्याच्या पिशव्यांची लेबले आणि औषधांच्या पावत्या जपायला सांगावे.

खाद्याविषयी जपानचे उदाहरण बोलके आहे. २०१२ मध्ये भारतीय कोळंबीत इथॉक्सिक्विन हे खाद्य टिकवण्यासाठी वापरले जाणारे द्रव्य सापडले आणि खेपा अडल्या. ते शेतकऱ्याने तलावात टाकलेले नव्हते. खाद्यातील मासळीच्या भुकटीतून आले होते. वेगळी मर्यादा ठरवलेली नसल्यामुळे जपानमध्ये ०.०१ पीपीएम हा सरसकट निकष लागू होता.

७. चाचणी, वेष्टन आणि लेबल

चाचणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच करावी आणि अहवालावर लॉट क्रमांक, नमुना घेतल्याची तारीख आणि चाचणीची शोधक्षमता छापलेली आहे का ते पाहावे. ‘आढळले नाही’ एवढ्याच शब्दांचा अहवाल निरुपयोगी असतो. ज्या यंत्राला ०.३ मायक्रोग्रॅमच्या खालचे दिसतच नाही, त्याने ०.१५ च्या निकषाबद्दल काय सांगावे? शिजवलेल्या कोळंबीसाठी पाच नमुन्यांपैकी प्रत्येकाच्या २५ ग्रॅममध्ये साल्मोनेला हा रोगजंतू नसणे बंधनकारक आहे.

ग्लेझिंगच्या, म्हणजे मालावर चढवलेल्या बर्फाच्या थराच्या, वजनावरून सर्वाधिक वाद होतात. युरोपात लेबलवरील निव्वळ वजन ग्लेझ वगळून द्यावे लागते. खरेदीदार तोंडी ‘२० टक्के ग्लेझ’ म्हणतो, तेव्हा पाकिटावर कोणते वजन छापायचे ते ईमेलवर लिहून घ्यावे. पाणी धरून ठेवण्यासाठी फॉस्फेट वापरत असाल, तर त्याची मर्यादा किलोला ५ ग्रॅम आहे आणि त्याचा उल्लेख लेबलवर हवा.

लेबलवर व्यापारी नाव, शास्त्रीय नाव, पकडलेला की संवर्धित, मासेमारीचे क्षेत्र, साधनाचा प्रकार, पहिल्यांदा गोठवल्याची तारीख आणि कारखान्याचा मान्यता क्रमांक लागतो. महाराष्ट्र-गोव्याचा समुद्र एफएओच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या, ५१ क्रमांकाच्या क्षेत्रात येतो आणि पूर्व किनारा ५७ मध्ये. विशाखापट्टणमचा माल तळोजात पॅक करताना जुनी ५१ ची खोकी वापरली गेल्याचे मी पाहिले आहे. ती चूक एका शिक्क्याची असली तरी कायद्याच्या भाषेत ते मूळस्थानाचे चुकीचे वर्णन ठरते.

८. कागदपत्रे एकमेकांशी जुळवा

खेपेसोबत साधारणपणे पुढील कागद लागतात:

- ईआयएने दिलेले, युरोपीय नमुन्यातील आरोग्य प्रमाणपत्र
- समुद्रातील मालासाठी एम्पेडाने प्रमाणित केलेले मासेमारी प्रमाणपत्र
- तलावातील मालासाठी कापणीपूर्व चाचणीचा दाखला आणि तलावाचा नोंदणी क्रमांक
- प्रयोगशाळेचे लॉटनिहाय अहवाल
- बीजक, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल आणि बिल ऑफ लेडिंग
- मूळस्थानाचा दाखला
- कंटेनरच्या तापमानाची नोंद

हे सर्व कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडावेत आणि कंटेनर क्रमांक, सील क्रमांक, खोक्यांची संख्या, निव्वळ आणि एकूण वजन, शास्त्रीय नाव आणि उत्पादनाच्या तारखा एकेक करून दुसऱ्या माणसाने मोठ्याने वाचाव्यात. ज्याने कागद तयार केले त्यानेच ते तपासू नयेत. आरोग्य प्रमाणपत्र माल यंत्रणेच्या नियंत्रणातून बाहेर पडण्यापूर्वी सही झालेले असावे लागते, म्हणून जहाज सुटल्यानंतरच्या तारखेचे प्रमाणपत्र निरर्थक ठरते. प्रशासकीय चूक झाली असेल किंवा कागद हरवला अथवा खराब झाला असेल, तर बदली प्रमाणपत्र मिळू शकते. मालाची ओळख, त्याचा माग किंवा दिलेली हमी त्यात बदलता येत नाही. न्हावा शेवाला सील बदलण्याची वेळ आलीच, तर जहाज थांबवता येत नसले तरी खेप थांबवावी. एका आठवड्याचा उशीर परतीच्या भाड्यापेक्षा स्वस्त पडतो.

९. युरोपच्या सीमेवर काय होते

माल पोहोचण्याच्या किमान एक कामकाजाचा दिवस आधी आयातदाराने ‘ट्रेसेस’ या प्रणालीत चेड-पी नावाचा प्रवेश-दस्तऐवज भरावा लागतो. हे काम त्याचे असले तरी माहिती आपली असते, म्हणून भरलेल्या दस्तऐवजाची प्रत मागवून ती आपल्या कागदांशी ताडून पाहावी. सीमा नियंत्रण चौकीत तीन प्रकारच्या तपासण्या होतात: कागदांची, मालाच्या ओळखीची आणि प्रत्यक्ष मालाची. संवर्धित कोळंबीचा नमुना प्रयोगशाळेत जाण्याची शक्यता मोठी असल्यामुळे आयातदाराशी करार करतानाच या काळातील साठवणुकीचा खर्च कोणी सोसायचा, हे लिहून घ्यावे. आम्ही ते लिहिले नव्हते.

दोष सापडला तर त्याची सूचना रॅसफ या जलद इशारा-व्यवस्थेतून सर्व सदस्य देशांना जाते. माल नष्ट करणे, परत पाठवणे किंवा परवानगी असेल तेथे विशेष प्रक्रिया करणे असे पर्याय असतात आणि कारवाई साठ दिवसांच्या आत पूर्ण करावी लागते. त्या कारखान्याच्या पुढच्या खेपांवर वाढीव तपासणी लावली जाऊ शकते. सलग किमान दहा खेपा निर्दोष ठरेपर्यंत ती उठत नाही. आपण दुसऱ्याच्या कारखान्यातून माल काढत असाल, तर आपल्या एका खेपेमुळे त्याचे आणि तेथील इतर सर्व निर्यातदारांचे काम मंदावते. त्यामुळे दोष कळताच कारखान्याला आणि ईआयएला स्वतःहून कळवावे, लॉटचा माग काढून तो कोणत्या होडीपर्यंत किंवा तलावापर्यंत जातो ते शोधावे, आणि राखून ठेवलेला नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेत द्यावा. प्रत्येक लॉटचा थोडा नमुना शीतगृहात निदान वर्षभर ठेवण्याची सवय यासाठीच लावावी.

१०. इतर देशांविषयी थोडक्यात

ब्रिटनची प्रणाली आता युरोपपासून वेगळी आहे. तेथे आयातदार ‘आयपॅफ्स’ या संगणकीय प्रणालीवर माहिती भरतो. अमेरिकेत सागरी अन्नासाठी हॅसपची सक्ती डिसेंबर १९९७ पासून असून पडताळणीची मोठी जबाबदारी आयातदारावर टाकलेली आहे. तेथे दोष सापडलेल्या कंपनीचे नाव आयात-सूचनेत गेले, की तिचा पुढचा माल तपासणीविनाच अडवता येतो. चीनने १ जानेवारी २०२२ पासून परदेशी अन्न-उत्पादकांची नोंदणी सक्तीची केली आहे. एका देशासाठी छापलेली खोकी दुसऱ्या देशाला वळवण्याची वेळ येईल, तेव्हा लेबलपासून प्रमाणपत्राच्या नमुन्यापर्यंत सर्व काही पुन्हा तपासावे. बाजार पडला म्हणून स्पेनचा माल चीनला किंवा चीनचा स्पेनला वळवताना वेळ कमी असतो आणि नेमकी त्याच वेळी लेबलावरची चूक सुटते.